टीव्हीचं बिल पाच ठिकाणी: सिल्व्हर पार्कमधल्या एका घराचा हिशेब

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना दोनदा आलेलं काढून टाकलंय, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय. कागद-पेन जवळ असेल तर बरं, कारण आज आकडेमोड आहे.

प्रश्न साधा आहे. तुमच्या घरात महिन्याला टीव्हीवर किती पैसे जातात? विचारलं की बहुतेक जण केबलचं बिल सांगतात. तीनशे, चारशे. पण टीव्हीचं बिल आता एका ठिकाणी येत नाही. थोडं केबलवाला नेतो, थोडं क्रेडिट कार्डातून जातं, थोडं यूपीआयमधून कापलं जातं, थोडं मोबाइलच्या रिचार्जमध्ये लपलेलं असतं आणि थोडं ब्रॉडबँडच्या बिलात. पाच खिशांतून पाच वेगवेगळ्या तारखांना पैसे गेले की एकूण किती गेले ते कुणालाच कळत नाही. म्हणून आज आपण सगळं एका कागदावर आणू.

घर कसं आहे ते आधी ठरवू

उदाहरण म्हणून मीरा रोड पूर्वेला, सिल्व्हर पार्कमधलं एक घर धरू. टू बीएचके. घरात आजी, नवरा-बायको आणि कॉलेजला जाणारा मुलगा. हे घर काल्पनिक आहे, पण या भागातल्या बऱ्याच घरांना ते ओळखीचं वाटेल. आजींना संध्याकाळी सातनंतर मराठी मालिका लागतात आणि मधूनमधून बातम्या. बाई ऑफिसातून आल्या की चुकलेला एपिसोड मोबाइलवर बघतात. नवरा चर्चगेटची लोकल पकडतो, तासाभराच्या वर प्रवास, तेव्हा डाउनलोड करून ठेवलेलं काहीतरी बघतो. मुलाला क्रिकेट आणि इंग्रजी वेब सिरीज.

आता यांचा वर्षाचा खर्च मांडू. ॲपचे जे दर मी सांगतोय ते २०२५ मधले आहेत. हे दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या ॲपमध्ये आज काय दिसतंय ते बघून तो आकडा घाला. पद्धत तीच राहील.

केबल महिन्याला ४०० धरू, म्हणजे वर्षाचे ४,८००. नेटफ्लिक्सचा स्टँडर्ड प्लॅन महिन्याला ४९९, वर्षाचे ५,९८८. ॲमेझॉन प्राइम वर्षाला १,४९९. जिओहॉटस्टार प्रीमियम वर्षाला १,४९९. मराठी मालिकांसाठी आणखी एक ॲप, ते वर्षाला ६०० धरू.

बेरीज किती? १४,३८६ रुपये. महिन्याला जवळजवळ १,२००. आणि यात ब्रॉडबँड धरलेलंच नाही, कारण ते मुलाच्या अभ्यासाला आणि घरून कामालाही लागतं. घरात विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, "चारशे रुपये केबलचे."

केबलचं बिल कसं तयार होतं

आधी जुना गडी बघू. २०१९ च्या सुरुवातीला ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. तेव्हापासून केबल आणि डीटीएचच्या बिलाचे दोन भाग असतात. एक, जोडणीचं मूळ भाडं, ज्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. दोन, तुम्ही निवडलेल्या पैसेवाल्या वाहिन्यांची किंमत. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

सुरुवातीला मूळ भाड्याला १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. कर धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ च्या जुलैमध्ये ट्रायनं ही मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आता हे भाडं कंपनी स्वतः ठरवते. म्हणूनच शेजारच्या इमारतीत दुसऱ्या कंपनीची जोडणी असेल तर बिल वेगळं असू शकतं.

वाहिन्या सुट्या घेता येतात किंवा गठ्ठ्यानं. गठ्ठ्यात घालायची असेल तर वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त असून चालत नाही. आता गंमत बघा. आजी चार-पाच वाहिन्या बघतात. पण गठ्ठ्यात त्यांच्या चार वाहिन्यांसोबत न बघितल्या जाणाऱ्या वीस येतात. गठ्ठा स्वस्त पडतो हे खरं, पण तो कशाच्या तुलनेत स्वस्त? त्या सगळ्या वाहिन्या सुट्या घेतल्या असत्या तर, त्याच्या तुलनेत. आपल्याला त्या सगळ्या नकोच आहेत.

तर काय करायचं? एक आठवडा आजींच्या शेजारी बसा आणि त्या खरोखर कुठल्या वाहिन्या लावतात ते लिहून काढा. ती यादी केबलवाल्याला द्या आणि विचारा, "एवढ्याच सुट्या घेतल्या तर किती, आणि छोट्या मराठी गठ्ठ्यात किती?" दोन्ही आकडे कर धरून मागा. आपल्या उदाहरणातल्या घराचं बिल यातून ४०० वरून ३०० वर आलं असं धरू.

ॲपचा दर समजून घ्यायचा म्हणजे काय

ॲपच्या प्रत्येक प्लॅनमध्ये तुम्ही चार गोष्टींचे पैसे देता: एका वेळी किती स्क्रीन, चित्राचा दर्जा, जाहिराती आहेत की नाहीत आणि मुदत. या चार खणांत प्लॅन टाकून बघितला की लगेच कळतं आपण कशासाठी जास्त देतोय.

नेटफ्लिक्सचं घ्या. १४९ चा प्लॅन फक्त मोबाइल आणि टॅबलेटवर चालतो, एकच स्क्रीन. १९९ चा टीव्हीवरही चालतो, पण एका वेळी एकच स्क्रीन आणि दर्जा ७२०पी. ४९९ मध्ये दोन स्क्रीन आणि फुल एचडी. ६४९ मध्ये चार स्क्रीन आणि फोर-के. हे दर डिसेंबर २०२१ मध्ये ठरले. त्याआधी १९९ वाला प्लॅन ४९९ ला होता. मजा म्हणजे त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी ९९९ वरून १,४९९ झाली. एकानं उतरवलं, दुसऱ्यानं चढवलं.

फोर-केसाठी पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा. आपला टीव्ही फोर-के आहे का, आणि नेटचा वेग पुरतो का. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ७२०पीला ३ एमबीपीएस पुरतो, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५. ३२ इंची टीव्हीवर, सोफ्यावरून बघताना ७२०पी आणि फुल एचडीतला फरक किती दिसतो, हे एक महिना स्वस्त प्लॅन घेऊन तुमच्याच डोळ्यांनी ठरवा.

जाहिरातींचं गणितही बदललंय. भारतात प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती आल्या. नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ वेगळे. म्हणजे जाहिराती नसलेलं प्राइम वर्षाला २,१९८ ला पडतं. वर्गणी वाढली नाही असं वाटतं, पण जे आधी मिळत होतं त्याची किंमत मात्र वाढली. दरवाढ अशीही येते.

वर्षाचा प्लॅन स्वस्त असतो का?

हा सगळ्यांचा आवडता समज. वर्षाचं घेतलं की स्वस्त पडतं. अर्धं खरं आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं, तेव्हाचे दर बघा. सुपर प्लॅन तीन महिन्यांना २९९, वर्षाला ८९९. प्रीमियम तीन महिन्यांना ४९९, वर्षाला १,४९९. आता गुणाकार करा. २९९ गुणिले तीन, ८९७. ४९९ गुणिले तीन, १,४९७. म्हणजे वर्षाचा दर हा तीन तिमाहींचाच दर आहे, चौथी तिमाही सोबत मिळते.

यातून नियम निघतो. वर्षात तीन किंवा जास्त तिमाही बघणार असाल तर वर्षाचं घ्या. फक्त आयपीएलसाठी किंवा दोन तिमाहीच बघणार असाल तर तिमाहीचं घ्या. कुठल्याही ॲपला हा गुणाकार लावता येतो. प्राइमचे तीन महिन्यांचे ५९९ होतात. दोनदा घेतले तर १,१९८, तिसऱ्यांदा घेतले की वर्षाच्या दराच्या वर गेलात.

नेटफ्लिक्सचा आपल्याकडे वर्षाचा प्लॅन नाही, महिन्याचाच आहे. आणि हेच त्याचं सोयीचं अंग आहे. हवं तेव्हा थांबवता येतं. वर्गणी बंद केली तरी दहा महिने तुमचं प्रोफाइल आणि काय बघितलं त्याची नोंद ते ठेवतात. परत चालू केलं की तिथूनच पुढे.

आलटून-पालटून

इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात. मुलगा म्हणतो, "मला सगळी ॲप लागतात." लागत असतील. पण सगळी एकाच महिन्यात लागत नाहीत. दिवसाला तास दोन तास बघणारं माणूस महिन्यात दोन-तीन सिरीजच संपवतं. एका वेळी एक ॲप चालू, बाकी बंद. बघायचं ते एका यादीत लिहून ठेवायचं, चार-पाच नावं जमली की महिनाभरासाठी ते ॲप घ्यायचं, संपवायचं, बंद करायचं. जुन्या वाचनालयात एक पुस्तक परत केल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही, अगदी तसंच.

आपल्या घरात नेटफ्लिक्स वर्षातून चारच महिने घेतलं, तेही १९९ चं, तर ७९६ रुपये होतात. आधी ५,९८८ जात होते. दोघांना एकाच वेळी वेगवेगळं बघायचं असेल तर त्या चार महिन्यांत ४९९ चं घ्या, १,९९६ होतील. तरी जवळपास चार हजार वाचले.

एकाच गोष्टीचे दोनदा पैसे

आता लपलेला खर्च. मोबाइल रिचार्ज आणि ब्रॉडबँडच्या प्लॅनसोबत ॲप फुकट मिळतात असं सांगतात. फुकट नसतात, त्या प्लॅनच्या किमतीत असतात. पण पैसे दिलेलेच आहेत तर वापरा तरी. घराघरात असं होतं की नवऱ्याच्या रिचार्जवर हॉटस्टार आलेलं असतं आणि बायकोच्या कार्डावरून त्याच हॉटस्टारची वर्षाची वर्गणी गेलेली असते.

यासाठी घरातल्या सगळ्या नंबरांचे आणि ब्रॉडबँडचे प्लॅन उघडून त्यात कुठली ॲप आहेत ते लिहा. मात्र एक बघा, रिचार्जसोबत येणारं ॲप बऱ्याचदा मोबाइलपुरतंच असतं, टीव्हीवर चालत नाही. ब्रॉडबँडची जाहिरात वाचताना करही धरा. ४९९ चा प्लॅन हातात येईपर्यंत ५८९ चा होतो.

दुसरी दुहेरी भरणा केबल आणि ॲपमधली. आजी केबलवर जी मालिका बघतात, तीच ॲपवर पुन्हा पैसे देऊन घेतलेली असते. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. केबल ठेवायची तर मालिकांची ॲप बंद करता येतात. ॲप ठेवायची तर केबल बंद करता येते. दोन्ही ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण ठरवून.

नवा हिशेब

आता परत मांडू. केबल ३०० प्रमाणे ३,६००. नेटफ्लिक्स चार महिने, ७९६. प्राइम तसंच ठेवलं, १,४९९. हॉटस्टार फक्त आयपीएलच्या तिमाहीला, सुपर प्लॅन, २९९. मालिकांचं ॲप बंद. बेरीज ६,१९४.

१४,३८६ मधून ६,१९४ गेले, राहिले ८,१९२ रुपये. घरातल्या कुणाचंही काही बंद झालेलं नाही. आजींच्या मालिका आहेत, मुलाचं क्रिकेट आहे, लोकलमधलं बघणं आहे. बाईंचा चुकलेला एपिसोड तेवढा आता केबलवरच्या पुनर्प्रसारणात बघावा लागेल. ही किंमत आहे, ती मान्य आहे का हे त्यांना विचारूनच ठरवा.

मग केबलच तोडली तर?

हा प्रश्न मुलं लगेच विचारतात. करून बघू. केबल शून्य. पण मग मालिकांसाठी हॉटस्टार सुपर वर्षाचं घ्यावं लागेल, ८९९. मालिकांचं दुसरं ॲप परत, ६००. नेटफ्लिक्स ७९६, प्राइम १,४९९. बेरीज ३,७९४. म्हणजे आणखी २,४०० वाचले, महिन्याला २०० रुपये.

आता हे २०० रुपये कुणाच्या खिशातून आले ते बघा. आजींना रिमोटवरचे तीन आकडे पाठ आहेत. सातला तो नंबर, आठला हा नंबर. केबल गेली की त्यांना टीव्ही चालू करून ॲप शोधायचं, प्रोफाइल निवडायचं, मालिका शोधायची, मग एपिसोड. मध्येच "परत लॉग इन करा" आलं की मुलगा कॉलेजातून येईपर्यंत थांबायचं. नेट बंद पडलं तर मालिका, बातम्या सगळंच बंद. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसासाठी टीव्ही ही करमणूक कमी आणि सोबत जास्त असते. त्या सोबतीची चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची का, हे २०० रुपयांच्या पलीकडचं आहे. काही आजी महिनाभरात ॲप सराईतपणे वापरतात, त्या घरांनी जरूर तोडा. पण आधी महिनाभर केबल ठेवूनच ॲपवर बघायची सवय होते का ते पाहा. निर्णय जिचा टीव्ही आहे तिचा.

पैसे अगदीच आवळायचे असतील तर डीडी फ्री डिश आहे. २००४ मध्ये सुरू झालेली प्रसार भारतीची ही सेवा. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री मिळतं. पण झी मराठी, स्टार प्रवाह यांसारख्या पैसेवाल्या वाहिन्यांची अपेक्षा त्यावर ठेवू नका. आणि इमारतीत डिश लावायची तर आधी सोसायटीला विचारा. शिवाय प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत सुरू झालं, त्यावर बरंच काही फुकट आहे.

ऑटोपेची गळती

वर्गणी घेताना एक बटण, बंद करताना सात पानं. हा अनुभव सगळ्यांचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी जाहीर केली, त्यात "सबस्क्रिप्शन ट्रॅप" म्हणजे वर्गणीचा सापळा हीसुद्धा एक आहे. बंद करणं मुद्दाम अवघड ठेवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.

रिझर्व्ह बँकेचे नियमही तुमच्या बाजूनं आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना यायला हवी, आणि त्यात नकार देण्याची सोय हवी. म्हणजे तो मेसेज जाहिरात समजून सरकवून टाकू नका. "उद्या ४९९ जाणार" असं सांगणारा तोच एक मेसेज असतो.

तीन ठिकाणी बघायचं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे. बँकेच्या किंवा कार्डाच्या ॲपमध्ये चालू असलेल्या परवानग्या. आणि फोनच्या प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शन. लक्षात ठेवा, फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. पैसे जातच राहतात. आणि वर्गणी घेतली त्याच दिवशी ऑटोपे बंद केलं तरी भरलेली मुदत सहसा पूर्ण वापरता येते. महिनाभराचंच घ्यायचं असेल तर घेतल्या घेतल्याच बंद करा.

घरातल्या ज्येष्ठांचे फोनही बघा, पण त्यांना शेजारी बसवून. एखादं "पहिला महिना १ रुपया" वालं काहीतरी तिथे वर्षभर चालू असू शकतं.

भावाचं खातं, आपला टीव्ही

शेवटचा मुद्दा. विरारच्या भावाचं खातं, सिल्व्हर पार्कात आपण बघतो, असं बरीच वर्षं चाललं. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सनं भारतातही सांगितलं की एक खातं एका घरासाठी. प्राइमनंही जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणं आणि त्यात जास्तीत जास्त दोन टीव्ही अशी मर्यादा घातली. म्हणून हिशेबात भावाचं खातं धरू नका. मात्र एकाच छताखाली चार जणांची चार खाती असतील तर ती एकत्र करा, त्याला कुणाचीच हरकत नाही.

तर मंडळी, गृहपाठ एवढाच. येत्या रविवारी दुपारी जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांना बसवा. एका कागदावर पाच ओळी: केबल, ॲप, रिचार्ज, ब्रॉडबँड, ऑटोपे. प्रत्येकापुढे वर्षाचा आकडा आणि ते कोण बघतं त्याचं नाव. ज्या ओळीपुढे कुणाचंच नाव येणार नाही, ती तिथेच बंद करा. बाकीच्या ओळींवर भांडा, पण रिमोट आजींच्या हातात राहू द्या. तुमच्या कागदावरची बेरीज किती आली ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.